टचच्या जमान्यातही बटणाचा मोबाईल का सुटत नाही? साध्या फोनची सविस्तर माहिती

धाराशिव (विशेष प्रतिनिधी) : बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या कोणत्याही मोबाईल दुकानात अर्धा तास उभं राहून बघा. काचेच्या कपाटात वरच्या फळीवर वीस-वीस हजारांचे टचचे मोबाईल मांडलेले असतात. पण टोपी-धोतरातला माणूस नाहीतर डोक्यावर पदर घेतलेली आजी दुकानात आली की बोट खालच्या फळीकडं जातं. "तो बटणाचा दाखवा. बॅटरीचा हाय का?" बॅटरीचा म्हणजे उजेडाचा. आपल्याकडं टॉर्चला बॅटरीच म्हणतात, दुकानदाराला ते सांगावं लागत नाही.

ही माहिती तुम्ही टचच्या मोबाईलवर वाचत असणार आणि मी पण ती टचच्या मोबाईलवरच टाईप केली आहे. तरी तुमच्या-माझ्या घरात एक तरी बटणाचा फोन सापडतोच. कोणी त्याला छोटा मोबाईल म्हणतं, कोणी साधा, कोणी डबडं. कंपन्या फीचर फोन म्हणतात. शहरातल्या पाहुण्यांना तो मागासलेपणा वाटतो. पण लोक जुना फोन वापरत राहतात एवढंच नाही, तो बिघडला की पैसे मोजून पुन्हा तसलाच नवा घेतात. त्यामागं अडाणीपणा कमी आणि हिशेब जास्त आहे.

गावात मोबाईल आला तो बटणाचाच

भारतातला पहिला मोबाईल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू कोलकात्यातून दिल्लीला केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. तेव्हा आलेला फोन उचलायलाही पैसे पडायचे, त्यामुळे पुढची सात-आठ वर्षं मोबाईल ही मोठ्या लोकांची वस्तू राहिली. आपण एसटीडीच्या बूथवर आकडे पळताना बघत बोलायचो.

चित्र बदललं ते २००३ साली. १ मे २००३ पासून इनकमिंग फुकट झालं. त्याच वर्षी पावसाळ्यात रिलायन्सनं ५०१ रुपये भरा आणि फोन घेऊन जा, बाकी हप्त्यानं, अशी योजना काढली. आणि त्याच वर्षी नोकियाचा ११०० बाजारात आला.

या ११०० वर थोडं थांबावं लागेल, कारण आजच्या बटणाच्या फोनचा तोच मूळपुरुष. बाहेर तेव्हा रंगीत स्क्रीनचे, कॅमेऱ्याचे फोन आले होते. या फोनला दोन्ही नव्हतं, इंटरनेट तर नव्हतंच. पण बटणांवर एकसंध रबरी पत्रा होता, त्यामुळे फटीतून धूळ आत जात नव्हती. कडेला खरखरीत पकड होती, घामेजल्या हातातून निसटत नव्हता. आणि वरच्या टोकाला छोटा दिवा होता. हा फोन आपल्यासारख्या देशांतली धूळ, घाम आणि अंधार डोळ्यांसमोर ठेवूनच बनवला होता. जगभरात तो २५ कोटींहून जास्त विकला गेला. जगात सर्वात जास्त खपलेल्या फोनांत त्याचं नाव घेतात, आणि त्यात कॅमेरासुद्धा नव्हता.

त्याची बीएल-५सी नावाची चपटी बॅटरी (ही चार्जिंगची) अजून मिळते. बाजारात भजनाचे छोटे डबे आणि रेडिओ विकायला असतात ना, त्यांचं मागचं झाकण काढून बघा, बहुतेकदा तीच निघेल. २००७ च्या ऑगस्टमध्ये यातल्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या चार्जिंगला तापू शकतात म्हणून कंपनीनं बदलून देण्याची घोषणा केली होती. तेव्हा लोक चावडीवर बसून झाकण काढून बॅटरीवरचा नंबर एकमेकांना वाचून दाखवत होते.

पहिलं कारण : चार्जिंग

दुकानदाराला विचारा, गिऱ्हाईकाला विचारा, पहिलं उत्तर हेच येतं. टचचा मोबाईल संध्याकाळपर्यंत मान टाकतो. बटणाचा जुना टूजी फोन चार-पाच दिवस सहज जातो, नवा फोरजीचा दोन-तीन दिवस. कारण सोपं आहे. मोबाईलमध्ये सगळ्यात जास्त खाणारी वस्तू म्हणजे मोठी उजळ स्क्रीन, त्यानंतर सतत चालू असलेलं नेट. बटणाच्या फोनची स्क्रीन दोन बोटांएवढी, तीही एरवी बंद. लहान बॅटरीसुद्धा पुरून उरते.

ज्याच्या घरात, शेतात, गाडीत सगळीकडं चार्जर आहे त्याला हे मोठं वाटणार नाही. पण आपल्याकडं भूम, परंडा, वाशी, कळंब भागातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. फडाच्या कडेला कोप्या पडतात, तिथं लाईट कुठली? एखाद्यानं सोलरची छोटी प्लेट नेलेली असते, नाहीतर गावातल्या दुकानात चार्जिंगला फोन ठेवायचा आणि रात्री आणायला जायचं. अशा ठिकाणी म्हाताऱ्या आई-वडिलांचा, शाळेसाठी मागं ठेवलेल्या लेकरांचा फोन लागायचा असेल तर कंबरेला बटणाचाच फोन लागतो.

हीच गोष्ट दुसऱ्या एका माणसानं धंद्याच्या नजरेनं बघितली. मायक्रोमॅक्स कंपनीचे राहुल शर्मा यांना पश्चिम बंगालच्या एका खेड्यात ट्रकच्या बॅटरीवर चालणारा पीसीओ दिसला. मालक रोज रात्री ती बॅटरी सायकलवर लादून लांबच्या गावी चार्ज करायला न्यायचा. त्यावरून २००८ साली कंपनीनं एक्स१आय नावाचा बटणाचा फोन काढला. न बोलता नुसता चालू ठेवला तर महिनाभर चार्जिंग जाईल, असा कंपनीचा दावा होता. मायक्रोमॅक्स खेड्यापाड्यात पोहोचली ती या फोनमुळं.

मागच्या वर्षीच्या सप्टेंबरमधला, म्हणजे २०२५ चा पाऊस आपल्या जिल्ह्यात कोणी विसरणार नाही. परंडा, भूमकडं नद्यांनी पात्र सोडलं, गावं वेढली गेली, लाईट गेली. टॉवरच बंद पडला तिथं कोणताच फोन कामाचा नव्हता, हे खरं. पण जिथं रेंज होती तिथं दुसऱ्या दिवशी टच मोबाईल काळे पडले आणि आजीच्या उशाखालचा बटणाचा फोन हातोहाती फिरला. त्या भागातल्या एका पाहुण्यानं मला सांगितलं, "चार घरचे निरोप एका डबड्यावरून गेले."

हात शेतकऱ्याचे असतात

टचची स्क्रीन नुसत्या दाबानं चालत नाही. काचेखाली अगदी हलकी वीज खेळत असते आणि आपल्या बोटाच्या कातडीमुळं तिच्यात जो फरक पडतो तो फोन ओळखतो. म्हणून बोट कोरडं, स्वच्छ आणि मऊ लागतं. आता पाणी देताना हात ओले, फवारणीला हातमोजे, काढणीच्या दिवसात बोटांना घट्टे आणि भेगा. पाण्याचा थेंब पडला की स्क्रीन स्वतःच्या मनानं पळायला लागते. घट्टा पडलेलं बोट दोनदा-तीनदा टेकवावं लागतं. उन्हात तर स्क्रीनवर काही दिसतच नाही, कपाळावर हात धरून सावली करावी लागते. बटणाला यातलं काही लागत नाही. दाबलं की दाबलं. ते बोटाला कळतं, डोळ्यानं बघावं लागत नाही.

रात्रीच्या थ्री फेजचा विषय आपल्याला नवा नाही. आठवड्यात काही दिवस मोटारीची लाईट रात्रीची. मी स्वतः रात्री दोनला उठून बांधावरून गेलेलो आहे. एका हातात काठी, दुसऱ्या हातात फोनचा उजेड. येडशीच्या रामलिंग अभयारण्यात विदर्भातल्या टिपेश्वरहून वाघ आल्याचं कळल्यापासून तर त्या उजेडाची किंमत आणखी वाढली. बटणाच्या फोनची टॉर्च एक बटण धरून ठेवलं की लागते. टचच्या फोनला आधी लॉक उघडा, मग वरून पडदा ओढा, मग चित्र शोधा. आणि तो बांधावरून घसरून पाण्यात पडला तर नुकसान दहा-पंधरा हजारांचं.

मोटारीचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगितली पाहिजे. पुण्याचे संतोष ओस्तवाल या अभियंत्यांनी नॅनो गणेश नावाचं यंत्र तयार केलं. रात्री-अपरात्री मोटार चालू करायला आपल्या आजोबांची होणारी पायपीट त्यांनी लहानपणी बघितलेली होती. स्टार्टरला एक जोडणी बसवायची, तिच्यात सिम टाकायचं आणि घरून फोन लावून आकडा दाबला की मोटार चालू किंवा बंद. २००९ साली नोकियाच्या जागतिक स्पर्धेत या यंत्राला पुरस्कार मिळाला. आज बऱ्याच कंपन्यांचे असे मोबाईल स्टार्टर मिळतात. लाईट आहे का, पाणी आहे का, तेही सांगतात. हे सगळं नुसत्या फोन कॉलवर चालतं, त्याला नेट लागत नाही. म्हणजे मोटारीपुरतं बघितलं तर बाराशे रुपयांचा फोन आणि पन्नास हजारांचा फोन सारखाच.

म्हाताऱ्या माणसांचं गणित

माझ्या वडिलांना आम्ही आण्णा म्हणतो. धाकट्या भावानं पुण्याहून त्यांच्यासाठी टचचा मोबाईल पाठवला होता. आण्णांनी आठ दिवस प्रामाणिकपणे वापरला. फोन आला की बोट कुठं ओढायचं तेच कळेना, कानाला लावला की गाल लागून कॉल बंद, खिशातून आपोआप कुणालाही फोन. एकदा सरपंचांना पहाटे साडेचारला व्हिडिओ कॉल लागला. नवव्या दिवशी मला म्हणाले, "ह्ये तुझं तुला घे बाबा. मला हिरवं बटण अन् लाल बटण, एवढंच लागतंय."

आण्णांना वाचता येतं, पण बऱ्याच जुन्या माणसांना नीट येत नाही. त्यांना नंबर जागेवरून पाठ असतात. वरून दुसरी ओळ, मधलं बटण, ते बोटांनाच माहीत. काचेवर बोटाला ओळखायला जागाच नसते, आणि अपडेट आलं की चित्रं आणखी इकडची तिकडं होतात. दोन आकडा धरून ठेवला की मुलगा, तीन धरला की मुलगी, अशी सोय करून दिलेली म्हातारी माणसं मी गावोगावी बघितली आहेत. त्यांचं काही अडत नाही.

पैसा : फोनचा आणि रिचार्जचा

हजार-बाराशेपासून दोन-अडीच हजारांपर्यंत चांगला बटणाचा फोन येतो. बरा टचचा मोबाईल घ्यायचा तर सात-आठ हजारांच्या खाली हात घालण्यात अर्थ नाही, आणि तोही दोन-तीन वर्षांत मंद होतो. खरं दुखणं मात्र रिचार्जचं आहे. जुलै २०२४ मध्ये कंपन्यांनी दर वाढवले. ज्याला नेट लागतच नाही त्यालाही नेटसकट पॅक मारावा लागत होता. चहात साखर नको म्हटलं तरी साखरेचे पैसे द्या, असला प्रकार. त्यावर डिसेंबर २०२४ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणानं म्हणजे ट्रायनं कंपन्यांना नियम घातला की नुसतं बोलणं आणि एसएमएस असलेला पॅक द्यावाच लागेल, आणि असा पॅक ३६५ दिवसांपर्यंत चालू शकेल. जानेवारी २०२५ पासून असे पॅक आले. दुकानदार ते आपणहून सांगेलच असं नाही. "बिनानेटचा पॅक कुठला आहे?" असं स्पष्ट विचारा.

कंपन्याही या गणितापुढं झुकल्या, हे बघण्यासारखं आहे. जिओनं जुलै २०१७ मध्ये १,५०० रुपये अनामतीवर जिओफोन जाहीर केला. बटणाचाच, पण आत फोरजी. पुढं सप्टेंबर २०१८ मध्ये त्यावर व्हॉट्सअॅपही आलं. ३१ जुलै २०२० ला, पहिल्या मोबाईल कॉलला २५ वर्षं झाली त्या दिवशी, मुकेश अंबानी यांनी देश टूजीमुक्त करण्याची भाषा केली. २०२१ च्या दिवाळीत ६,४९९ रुपयांचा टचचा जिओफोन नेक्स्ट आणला. आणि जुलै २०२३ मध्ये त्याच कंपनीनं ९९९ रुपयांचा जिओ भारत काढला. त्याला पुन्हा बटणं.

फसवणुकीची भीती

व्हॉट्सअॅपवर लग्नाची पत्रिका म्हणून, पीएम किसानचा हप्ता म्हणून, आरटीओचा दंड म्हणून एपीके फाईल येते. दाबली की मोबाईलचा ताबा दुसऱ्याकडं आणि खातं रिकामं. साध्या बटणाच्या फोनमध्ये असली फाईल बसतच नाही. म्हणून बँकेला जोडलेलं सिम मुद्दाम बटणाच्या फोनमध्ये ठेवणारे शिकलेले लोकही आता भेटतात. ही युक्ती वाईट नाही. पण फोनवर गोड बोलून ओटीपी विचारणारा भामटा बटणाच्या फोनवरही तेवढ्याच सहज येतो, तिथं फोन काही करू शकत नाही. पैसे गेले तर लगेच १९३० वर फोन लावा. जितका उशीर, तितकी रक्कम मिळण्याची आशा कमी.

आणि मग अडतं कुठं?

इथं मात्र मला बटणाच्या फोनची बाजू सोडावी लागते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. आपल्या पिकाची नोंद आपणच अॅपवर शेतात उभं राहून फोटोसह करायची. बटणाच्या फोनवर ती होत नाही. शेजारच्या पोराला शेतात न्यावं लागतं. एका मोबाईलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते, एवढीच सवलत. पोरगा चांगला असेल तर फुकट करून देतो, नाहीतर शे-दोनशे रुपये घेतो. हवामानाचा नकाशा, बाजारभावाचे ग्रुप, हे सगळं त्या फोनवाल्याला दुसऱ्याकडून कळतं.

पण सगळ्यात मोठी गोष्ट वेगळीच आहे आणि ती आमच्या घरात घडली. चूक माझीच. सोयाबीन काढणीच्या धांदलीत आण्णांच्या सिमचा रिचार्ज संपला. आधी जाणारे फोन बंद झाले, मग येणारे. आण्णा म्हणाले, "कुणाचा फोनच येईना." मी म्हटलं, "मारतो आण्णा, उद्या मारतो." रब्बीची पेरणी आली, ऊस गेला, उद्या काही आला नाही. पुढं शेतकरी ओळखपत्र काढायला गेलो. संगणकवाल्या पोरानं आधार नंबर टाकला आणि ओटीपी गेला आण्णांच्या त्या बंद नंबरावर. आधार, बँक, गॅस, सगळीकडं तोच एक नंबर. मग आधार केंद्रावर दोन हेलपाटे, अंगठा, पावती आणि वाट बघणं. आण्णा काही बोलले नाहीत. नुसतं फोनकडं बघत बसले, ते जास्त लागलं.

ट्रायच्या नियमानुसार प्रीपेड सिम ९० दिवस अजिबात वापरलं नाही तर कंपनी ते बंद करू शकते. खात्यावर २० रुपये शिल्लक असतील तर ते कापून आणखी ३० दिवस नंबर राखला जातो. कायमचा बंद झालेला नंबर पुढं किमान ९० दिवस कोणाला देत नाहीत, त्यानंतर मात्र तो दुसऱ्या माणसाला मिळू शकतो. म्हणजे तुमच्या वडिलांच्या बँकेचे एसएमएस उद्या भलत्याच्याच फोनवर वाजतील. घरातला बटणाचा फोन दिसायला डबडं असला तरी त्यातलं सिम ही आज सातबाऱ्याएवढी जपायची वस्तू झाली आहे. नंबर बदलायची वेळ आलीच तर आधी आधार आणि बँकेत बदला, मग जुनं सिम सोडा.

घेताना काय बघावं

जिओचं सिम टूजी फोनमध्ये चालत नाही, कारण जिओकडं टूजी नाहीच. ते सिम असेल तर फोरजीचा बटणाचा फोन मागा. एअरटेल, व्हीआय, बीएसएनएलचं टूजी अजून चालतं, पण आपल्या गावात कोणाची रेंज आहे ते शेतात उभं राहून बघा, दुकानात उभं राहून नाही. झाकण उघडून बॅटरी निघते का, चार्जरची पिन घरातल्या दुसऱ्या फोनसारखी आहे का, हेही बघा. घरी आणल्यावर *#०६# दाबा, आयएमईआय नंबर येईल, तो वहीत लिहून ठेवा. फोन हरवला तर पोलिसात तक्रार देऊन संचार साथीवर तो बंद करायला हाच नंबर लागतो.

पैसे पाठवायचे असतील तर बटणाच्या फोनवरूनही जातात, हे अनेकांना माहीत नाही. *९९# दाबून विना नेट यूपीआय चालतं, एका वेळी ५,००० रुपयांपर्यंत. ८ मार्च २०२२ रोजी रिझर्व्ह बँकेनं यूपीआय १२३पे सुरू केलं, त्याची मर्यादा १ जानेवारी २०२५ पासून १०,००० रुपये झाली. काही नव्या बटणाच्या फोनमध्ये ते आधीच टाकलेलं येतं. पिन मात्र स्वतःच लावा आणि कोणाला सांगू नका, दुकानदारालाही नाही. पिकाबद्दल काही विचारायचं असेल तर किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा नंबर सकाळी ६ ते रात्री १० चालू असतो, फुकट आणि मराठीत.

आणखी एक. २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या बटणाच्या फोनला ५ किंवा ९ चं बटण जोरात धरून ठेवलं की ११२ ला म्हणजे पोलिसांच्या मदतीच्या नंबराला फोन लागावा, असा केंद्राचा नियम आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आज संध्याकाळी हे बटण दाखवून ठेवा. पण उगीच दाबून बघू नका, फोन खरंच लागतो.